डाव्या चाकाचा आवाज

आमच्या घरात तीन माणसं होती आणि त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट घराबाहेर कोणालाही माहीत नव्हती. ती माहीत होऊ नये म्हणून आम्ही तिघं काय काय करत होतो, ते आज सांगितलं की माझी नात हसते. कान गेले तर गेले, त्यात लपवायचं काय, असं तिला वाटतं. पण बाबा मोटारमिस्त्री होते, आणि तेही जीपगाड्यांचे. जीप रस्त्यावर कमी आणि बांधावरून, ओढ्यातून, खाजणातल्या चिखलातून जास्त चालते. तिचं दुखणं डोळ्यांना दिसतं ते फार थोडं. बाकी सगळं कानांनी शोधायचं. तावडे मिस्त्री गाडीत बसून दोन मैल जाऊन आला की कुठला नट ढिला आहे ते सांगतो, असं कल्याणात तेव्हा म्हणत. आणि त्याच तावडे मिस्त्रींना शेजारच्या खोलीतून मारलेली माझी हाक ऐकू जात नव्हती.

लढाईच्या काळात बाबा विठ्ठलवाडीच्या पलीकडच्या छावणीत, लष्कराच्या वर्कशॉपात कामाला होते. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये सायलेन्सर काढलेली इंजिनं दिवसभर चालू असत. संध्याकाळी घरी आले की ते आईशी ओरडून बोलत आणि आपण ओरडतोय हे त्यांना कळत नसे. मग एका पावसाळ्यात त्यांना हिवतापाने धरलं. कोयनेलच्या गोळ्या पुष्कळ दिवस चालल्या. ताप उतरला आणि त्याच्याबरोबर उरलंसुरलं ऐकणंही उतरत गेलं. एकदम नाही. आधी बांगड्यांचा आवाज गेला, मग दारावरची थाप गेली, मग आमचं बोलणं गेलं. पुढे लष्कर निघून गेलं, छावणीत सिंधी कुटुंबं राहायला आली आणि लष्कराच्या जीपगाड्या लिलावात निघाल्या. डिस्पोजलच्या जीप म्हणत त्यांना. दिव्याकडच्या मिठागरवाल्यांनी त्या घेतल्या, जंगलातल्या लाकडाच्या ठेकेदारांनी घेतल्या, वीटभट्टीवाल्यांनी घेतल्या. त्यांची नस ठाऊक असलेला माणूस आमच्या भागात बाबांशिवाय नव्हता. मुरबाड रस्त्याला त्यांनी शेड टाकली, शेडच्या मागे आमच्या दोन खोल्या. धंद्याने जोर धरला तोवर त्यांचे कान पुरते गेले होते.

त्यांचे कान मी कधी झाले, तो दिवस मला नीट आठवतो. चौदा वर्षांची असेन. कोणाची तरी जीप घेऊन बाबा नदीच्या पुलापर्यंत चक्कर मारायला निघाले होते आणि मी हट्टाने शेजारी बसले होते. ते चालवत होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा अंधारात भिंत चाचपणाऱ्याचा होतो. मला मात्र पायांखालून टक टक, टक टक असं स्पष्ट ऐकू येत होतं. वेग वाढला की तेही वाढे. मी त्यांच्या दंडाला हात लावला आणि खाली बोट दाखवलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा हाताला ग्रीस होतं आणि डोळे ओले होते. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याचा सांधा झिजला होता. त्या दिवसापासून एकही जीप माझ्याशिवाय शेडबाहेर पडली नाही.

आम्ही खुणा ठरवून घेतल्या. माझं अंग म्हणजे जीप. छातीवर हात ठेवला तर इंजिन, पोटावर ठेवला तर गिअरबॉक्स, डावं-उजवं कोपर म्हणजे पुढची चाकं, गुडघे म्हणजे मागची. मानेमागे हात नेला की गाडीच्या मागच्या बाजूला बांधलेलं काहीतरी वाजतंय. बोटं चोळली तर घासतंय, टिचकी मारली तर ठोकतंय. लोकांना वाटे, मिस्त्रीची मुलगी फार चुळबुळी आहे. मुलीला बरोबर का नेता, असं कोणी विचारलं तर गाडीचा तोल कळायला शेजारी वजन लागतं, असं उत्तर आईने तयार करून ठेवलं होतं. दिव्याचे एक पाटील होते, त्यांच्या झुपकेदार मिशांमुळे बाबांना त्यांचे ओठ वाचता येत नसत. ते एकदा म्हणाले, "मिस्त्री, वजनच पाहिजे तर मिठाची गोन टाक ना. पोरीला कशाला घेतंस?" बाबांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "होय, ऑइल बदलावं लागेल." पाटील पोट धरून हसले. मिस्त्री मोठा विनोदी माणूस, असं ते सगळीकडे सांगत फिरले. आई मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

आवाजांची मला तेव्हा जशी ओळख झाली तशी माणसांची झाली नाही. स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस नसेल तर गाडी कुरकुरते, जुन्या खाटेसारखी. क्लच जायला आला की दाबताना शिट्टी वाजते. रेडिएटरच्या पंख्यामागचा पंप बिघडला की मांजर गुरगुरल्यासारखं होतं. वळताना पुढून कट कट आलं तर पुढच्या चाकांना जोर देणारा सांधा गेला, आणि चढावर इंजिनच्या पोटातून जड ठोका आला तर मालकाला खुर्ची द्यायची आणि मग सांगायचं. मैत्रिणी गाणी पाठ करत त्या वयात मी हे पाठ केलं. मला ते आवडत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. बाबा माझ्या हाताकडे बघून मान हलवत, गाडी खोलत आणि मी दाखवलं तिथेच बिघाड निघे, तेव्हा आमच्यात जे काही होतं ते दुसऱ्या कुठल्या बापलेकीत मी पाहिलेलं नाही.

पण माझे कान माझे राहिले नाहीत. मला पडसं झालं की शेड बंद. मग आई वेखंड उगाळून कपाळाला लावी, गरम पाण्याचा वाफारा देई, कुळथाचं कढण पाजी, आणि दर तासाने दाराआडून हळू आवाजात विचारी, "सुमन, ऐकू येतंय का गं?" मी नदीत बुडी मारायची नाही, कानात पाणी जाईल. लग्नात बँडच्या जवळ उभं राहायचं नाही. मैत्रिणीकडे जायचं असेल तर गिऱ्हाईक नसेल त्याच दिवशी, आणि तेही हाकेच्या अंतरावर. जेवताना आमच्या घरात कोणी बोलत नसे. बाबांना ऐकू येत नाही आणि त्यांच्यासमोर आपण दोघी बोललो तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून आईनेच ती रीत पाडली होती. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कधी वालाचं बिरडं, आणि तीन माणसांच्या चावण्याचा आवाज. तो मला इतका मोठा ऐकू येई की घास गिळवत नसे. आजही मी जेवताना रेडिओ लावते. सून म्हणते, सासूबाईंना बातम्यांची फार आवड.

मॅट्रिक झाल्यावर मला ठाण्याला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. नौपाड्यात मावशी होती, तिच्याकडे राहायची सोय होती. आई हो म्हणाली. बाबांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "ही हातातली जीप होऊ दे. मग जा." हातातली जीप एका लाकडाच्या ठेकेदाराची होती आणि तिचा गिअरबॉक्स गेला होता. मुंबईहून सामान यायला तीन आठवडे लागले. तोवर ट्रेनिंगचा वर्ग भरून गेला होता. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला थांबवायचं म्हणून सामान उशिरा मागवलं असं मी कधीच मानलं नाही. पण ते वर्ष मी शेडच्या पत्र्याखाली काढलं, आणि समोरच्या रस्त्यावरून ठाण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी मला माझ्या डोक्यावरून गेल्यासारखी वाटे.

दुसऱ्या वर्षी पुन्हा पत्र आलं. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. मी ट्रंक भरली. आईने दोन पातळं नवी घेतली. आणि शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाईंची जीप शेडसमोर येऊन उभी राहिली.

डॉक्टरीणबाई कल्याणात राहत आणि दर रविवारी मुरबाडच्या पुढच्या वाड्यापाड्यांवर औषधं घेऊन जात. बाई असून जीप स्वतः चालवत. बरोबर त्यांचा कंपाउंडर, धोंडूमामा, मांडीवर औषधांची पेटी घेऊन बसलेला असे. डॉक्टरीणबाई उंच, सावळ्या, केस घट्ट बांधलेले. मला त्या फार आवडत आणि त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. त्या उतरल्या आणि बाबांकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या की गाडीतून काहीतरी घरघर येते. कधी येते, कधी नाही. कुठून ते कळत नाही. उद्या पहाटे निघायचं आहे, एकदा बघून ठेवा. त्या ओठ स्पष्ट हलवून बोलत, त्यामुळे त्यांचं बोलणं बाबांना नेहमी कळे. त्या गेल्यावर बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि तेच म्हणाले, गेल्या वर्षीचेच शब्द. "ही जीप होऊ दे. मग जा."

आम्ही निघालो. पुलापर्यंत काहीच नव्हतं. पूल ओलांडल्यावर बाबांनी वेग वाढवला आणि तो आवाज आला. खालच्या पट्टीतला, एकसारखा, घुं असा. त्यात मधूनच बारीक करकर. बाबांनी नेहमीप्रमाणे गाडी थोडी उजवीकडे घेतली. आवाज वाढला. डावीकडे घेतली. आवाज थांबला. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर येतो, आणि हा आवाज पुढून येत होता. डावं पुढचं चाक. चाकाच्या आतल्या गोळ्यांच्या कड्या, ज्यांना बेअरिंग म्हणतात, त्या जात होत्या. मला एका क्षणात कळलं. शंकेला जागाच नव्हती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला डाव्या कोपराला हात लावायचा होता, एवढंच.

मी मानेमागे हात नेला आणि टिचकी मारली.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी नंतर हजारदा तपासलं आहे. मला मुंबईहून येणारं सामान दिसत होतं. तीन आठवडे दिसत होते. भरून गेलेला वर्ग दिसत होता. डॉक्टरीणबाई दिसत नव्हत्या. चाक आणखी एक रविवार काढेल, सोमवारी जाताना आईच्या कानावर घालेन, ती बाबांना कशीतरी सांगेल, असं काहीतरी मी मनाशी म्हटलं असेल. किंवा तेही नंतर रचलेलं असेल. बाबांनी शेडमध्ये आल्यावर मागच्या जादा चाकाची पट्टी घट्ट केली, पेट्रोलच्या डब्याचा कडी-कोयंडा आवळला आणि पुन्हा एक चक्कर घ्यायला मला बसवलं. आवाज तसाच येत होता. मी हाताचे पंजे हलवून सांगितलं, गेला. बाबा हसले. चाक वर उचलून हाताने फिरवून पाहण्याची त्यांना गरज वाटली नाही, कारण मी सांगितलं होतं. संध्याकाळी धोंडूमामा जीप न्यायला आला तेव्हा बाबांनी त्याला गाडी ठीक आहे असं सांगितलं.

रविवारी सकाळी आई माझ्याबरोबर द्यायला तांदळाचं पीठ दळत बसली होती. मावशीकडे पीठ मिळत नव्हतं असं नाही, पण आईला हाताचं दळलेलं द्यायचं होतं. बाबा दाराशी बसून घावणे खात होते, नारळाच्या रसात बुडवून, मान खाली घालून. मी केस विंचरत होते. जातं फिरत होतं, आणि एकदम त्यात खडा आला. करकर झालं. आईने हात थांबवला, जात्याची वरची पाळू उचलून खडा काढून टाकला आणि पुन्हा दळायला लागली. तीच करकर, कालच्या चाकाची. माझ्या हातातली फणी खाली पडली ती मी उचलली नाही. डॉक्टरीणबाईंना निघून तास होऊन गेला असणार.

ज्याला ऐकू येत नाही त्याला आपण खोटं बोललो हे सांगायचं कसं? मी बाबांच्या समोर जाऊन बसले. त्यांनी वर पाहिलं. मी डाव्या कोपराला हात लावला. त्यांना कळलं नाही. मी रस्त्याकडे बोट दाखवलं, डॉक्टरीणबाईंसारखे केस घट्ट बांधून दाखवले आणि पुन्हा कोपराला हात लावला, बोटं एकमेकांवर जोरात चोळली. मग मान वाकवून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मला काल ऐकू आलं होतं. माझे ओठ ते म्हणत होते, पण आवाज निघत नव्हता. त्याची गरजही नव्हती. बाबांच्या हातातला घावणा ताटात पडला. ते उठले, पाना, जॅक आणि एक डबा पोत्यात टाकला आणि माझं मनगट धरून रस्त्यावर आले.

मुरबाडकडे रिकामा चाललेला गवताचा ट्रक बाबांनी रस्त्याच्या मध्ये उभं राहून थांबवला. ड्रायव्हर शिव्या देत होता. बाबा नुसते त्याच्याकडे बघत होते. मीच त्याला सांगितलं, काय झालं ते नाही, लवकर जायचंय एवढंच. मागे गवताच्या कुसळांत आम्ही दोघं बसलो. ऊन चढत होतं. त्या एक-दीड तासात बाबांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे बघत बसले होते, ट्रकच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून. प्रत्येक वळणावर मला वाटे, आता दिसेल, आणि वळण सरलं की वाटे, नाही, वाचले, पुढे गेले. माझ्या आयुष्यात तेवढा लांब प्रवास मी पुन्हा कधी केला नाही. उतरून पळून जावं असंही एकदा मनात आलं. पण कुठे जाणार होते? दोन्ही बाजूंना शेतं होती आणि मनगटावर बाबांच्या बोटांचे वळ.

मुरबाडच्या पुढे, जिथे वाडीकडे जायला कच्ची वाट फुटते, तिथे जीप दिसली. वाटेच्या उतारावरून खाली भाताच्या खाचरात उतरली होती, डावीकडे कलंडून, नाक चिखलात. चाक पन्नास-साठ पावलांवर एका बांधाला टेकून उभं होतं, कोणी मुद्दाम ठेवावं तसं. पाच-सहा माणसं जमली होती. औषधाच्या बाटल्या फुटून चिखलात सगळीकडे आयोडिनचा वास सुटला होता. डॉक्टरीणबाई बांधावर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर धरला होता आणि धोंडूमामा छत्रीच्या काड्या लावून मनगट बांधत होता. कसं बांधायचं ते त्याच त्याला सांगत होत्या, इथे घट्ट कर, इथे सोड. त्यांच्या कपाळावर घाम होता. वाडीतली एक बाई त्यांना तांब्यातून पाणी पाजत होती.

बाबा आधी चाकापाशी गेले. वाकून आत बोट घातलं, बाहेर काढून बोटावरचा काळा भुगा पाहिला. मग डॉक्टरीणबाईंसमोर येऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे होते. डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त वाईट होतं.

"मिस्त्री, तुम्ही काल तपासली होती ना?"

दुखण्यामुळे त्यांचे ओठ घट्ट झाले होते. बाबांना कळलं नाही. त्यांनी सवयीने माझ्याकडे वळून पाहिलं. आता मी बोलायला हवं होतं. माझ्या जिभेवर आलंही होतं की डॉक्टरीणबाई, आवाज मला आला होता, मी खोटं सांगितलं. तोंड उघडायच्या आत बाबांनी माझ्या चेहऱ्यावर काय वाचलं देव जाणे. ते पुन्हा त्यांच्याकडे वळले आणि बोलले. आवाज किती मोठा झाला ते त्यांना कळत नव्हतं. तो शेतात पार पलीकडे गेला असेल.

"मला ऐकू येत नाही, डॉक्टरीणबाई. कित्येक वर्षं झाली. बिलकुल ऐकू येत नाही. मी सगळ्यांना फसवत होतो. तुमच्या चाकाचा आवाज मला आला नाही."

ट्रकचा ड्रायव्हर वाटेवर उतरून उभा होता, त्याने तोंडातली विडी काढली. डॉक्टरीणबाईंनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ पाहत राहिल्या. बहुधा त्यांना इतक्या दिवसांच्या माझ्या चुळबुळीचा अर्थ लागत असावा. मला वाटलं, आता त्या मला विचारतील. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला आजवर वाटत आलं आहे. पण त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मी बाबांच्या पाठीमागे उभी राहिले आणि त्यांच्या सदऱ्यावर चिकटलेली गवताची कुसळं एकेक काढत राहिले.

सोमवारी सकाळी बाबांनीच माझी ट्रंक स्टेशनवर नेली. आता मला थांबवायचं काही कारणच उरलं नव्हतं. रविवारच्या संध्याकाळपर्यंत ही बातमी मुरबाडपासून कल्याणच्या पारनाक्यापर्यंत गेली होती. ठेकेदारांनी त्या आठवड्यात जीप नेल्या. दिव्याचे पाटील येऊन गेले, आईने पुढे सांगितलं. ऑइलचा तो विनोद आठवून या वेळी ते हसले नाहीत. पण त्यांनीही जीप ठाण्याला दाखवायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई मात्र हात बरा झाल्यावर आपली जीप घेऊन बाबांकडेच आल्या, आणि पुढेही येत राहिल्या. घरघर कुठे येते ते त्या स्वतः कागदावर लिहून आणत. बाकी बाबांनी शेतावरच्या पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करायला घेतली. त्यांच्यावर तळहात ठेवला तरी बिघाड कळतो.

मी ठाण्याला सुटले खरी. वर्गात बसले, शिक्षिका झाले, डोंबिवलीला शाळेत लागले, लग्न झालं. लोक म्हणत, मुलीने नाव काढलं. सुटीत घरी गेले की बाबा हसून बघत, आई कोलंबीचं खदखदं करी, आणि जेवताना आता आम्ही सगळे मोठ्याने बोलत असू, कारण लपवायला काही नव्हतं. आईला वाटे, लपवायला काही नव्हतं. खरं काय ते मी आणि बाबा जाणत होतो, आणि आम्ही दोघं एका खोलीत आलो की ती गोष्टही आत येऊन बसे. डॉक्टरीणबाईंचं मनगट वाकडं जुळलं होतं. लिहिताना त्या हात असा आतल्या बाजूला वळवून लिहीत. त्यांना मी कितीदा भेटले. प्रत्येक वेळी ठरवून गेले. त्या मला चहा देत, शाळेचं विचारत, आणि मी तशीच उठून येई. एके वर्षी त्या वारल्याचं कळलं. त्या दिवशी मी शाळेत आठवीच्या वर्गाला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आले. तेव्हा त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायचं. एके दिवशी दुपारचं जेवण झालं होतं, मी मुलींच्या वह्या तपासत होते. ते खिडकीशी बसले होते. काही एक प्रसंग नव्हता, कोणी काही बोललं नव्हतं. ते अचानक म्हणाले, "सुमन, तो आवाज कसा होता गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. कुठला, हे मी विचारलं नाही. पाटी घेतली. लिहायला लागले. घुं असा, खालचा, एकसारखा. पूल ओलांडल्यावर, वेग वाढला की. मधून करकर. त्यांनी पाटी डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"उजवीकडे घेतलं की वाढायचा?"

मी मान हलवली.

"डावीकडे घेतलं की बंद?"

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात मांडीवर हळूहळू फिरायला लागला, चाक फिरवून पाहावं तसा. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जुन्या दिवसांत माझ्या खुणा बघताना जसा होई तसा तो चेहरा झाला होता. आवाज त्यांना आता ऐकू येत होता, इतक्या वर्षांनी, आणि ते तो नीट लक्ष देऊन ऐकत होते.

"बाहेरचं बेअरिंग," ते म्हणाले. "दोन नवीकोरी बेअरिंगं कपाटात पडून होती माझ्याकडे, छावणीतली. तीच त्या डब्यात घालून नेली होती ट्रकमधून." मग डोळे उघडून माझ्याकडे बघत, त्यांना जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाले, "दोन तासांचं काम होतं गं, सुमन. शनिवारीच झालं असतं."